आईच्या २३ साड्या आणि एक गोधडी: कात्री लावायच्या आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला ताई. आई जाऊन आठ महिने झाले, कपाटात तिच्या २३ साड्या आहेत, तुम्ही तिघं भावंडं, आणि सगळ्यांची मिळून एक मोठी डबल बेडची गोधडी करून घ्यावी असं मनात आहे. एका ठिकाणी मशीनवर दोन दिवसांत करून देतो म्हणाले, दुसऱ्या बाई हाताने करतात पण त्या दीड महिना सांगतात आणि पैसेही चौपट, तर मशीन की हात असं तुम्ही विचारलंय. आणि मग शेवटी सहज लिहिल्यासारखी एक ओळ, की कात्री घेतली की हात थांबतो. मला विचाराल तर खरा प्रश्न त्या ओळीत आहे, मशीन की हात हे त्याच्या बरंच नंतर येतं.

मी २२ वर्षं हे काम करतेय, पुण्यात धायरीत घरातच, आधी फॉल-पिको करायचे मग हळूहळू गोधड्यांवर आले. कोणी साड्यांचं गाठोडं घेऊन आलं की मी आधी चहा ठेवते आणि एकच विचारते, ही पांघरणार कोण? म्हणजे रोज रात्री अंगावर घेणार, पोरं तिच्यावर लोळणार, दूध सांडणार, की कपाटात ठेवून वर्षातून दोनदा काढून बघणार? दोन्हीत चूक काही नाही. पण वापरायची गोधडी आणि ठेवायची गोधडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कापड वेगळं, टाका वेगळा, थर वेगळे. लोकांना एकीतच दोन्ही हवं असतं, आणि मग पैठणीचा पदर मधोमध लावलेली गोधडी तिसऱ्या धुण्याला काळवंडते आणि रडारड होते. हे तुम्ही तिघांनी बसून आधी ठरवा, फोनवर नको. आणि भिजत घोंगडं पण ठेवू नका, कारण साड्या कपाटात नुसत्या पडून घडीवर चिरतात, रेशमी तर हमखास.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वापरा. गोधडी ही काही शोभेची वस्तू नव्हतीच कधी, पैसे नव्हते म्हणून ती होती. आता दुकानात तिला वारसा वगैरे म्हणतात आणि किंमत ऐकून मलाच घाम फुटतो, असो.

आमच्या आजीची एक वाकळ होती (सासवडकडची आजी, ती गोधडी म्हणायचीच नाही, वाकळच), २००९ ला ती फारच विरली म्हणून मी दुरुस्तीला उसवायला घेतली. वर जुनेर, म्हणजे वापरून विरलेली साडी, त्याखाली आजोबांचं धोतर, आणि त्याखाली आणखी एक अख्खी जुनी वाकळ निघाली, तिच्या टाक्यांसकट, म्हणजे जुनी फाटली तेव्हा आजीने ती टाकली नाही, तिलाच पोटात घालून वरून नवी शिवली. आणि त्या आतल्या वाकळेच्या आत एक कापडी पोतं उकलून पसरलेलं, निळी अक्षरं होती पण पार पुसट. आत्या म्हणाली ते बहात्तरच्या दुष्काळातलं, आजी खडी फोडायला जायची तेव्हा कामावर मिलो यायचा, लाल ज्वारी, त्याचं पोतं. आम्ही सगळी भावंडं त्या पोत्यावर वर्षानुवर्षं झोपलो आणि कोणाला पत्ता नव्हता. म्हणून सांगते, गोधडीत जे दिसत नाही ते पण असतंच, हे तुम्हाला पुढे कापड लावताना कामाला येईल.

आता साड्या. तुम्ही लिहिलंय आठ कॉटन, दोन इरकल, एक पैठणी आणि बाकीच्या सिंथेटिक. म्हणजे १२ सिंथेटिक. त्या १२ मी गोधडीत घेणार नाही, आईच्या कितीही आवडत्या असल्या तरी. कारण साधं आहे, कॉटन धुतल्यावर आटतं, पॉलिएस्टर आटत नाही, दोन्ही एकत्र शिवलं की धुण्यात चुण्या पडू शकतात आणि त्या सहसा जात नाहीत. शिवाय सिंथेटिक आतून सरकतं, घाम शोषत नाही, आणि अंगावरून घसरते अशी गोधडी रात्रभर. त्यांच्या पिशव्या करा, पडदे करा, किंवा सगळ्या सिंथेटिकचीच एक वेगळी मशीनची करा, ती मात्र छान टिकते.

कुठली साडी नक्की कशाची हे नुसतं बघून मलाही कधीकधी कळत नाही. तेव्हा कडेचे चार धागे ओढायचे, चिमट्यात धरून ताटलीवर जाळायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, राख भुरभुरीत. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. इरकलीत जरा फसायला होतं कारण अंग सुती असलं तरी काठ आणि पदर बऱ्याचदा रेशमी नाहीतर आर्ट सिल्कचा, म्हणजे नकली रेशमाचा असतो, म्हणून दोन्हीकडचे धागे वेगवेगळे बघा.

मग दम किती राहिलाय ते बघायचं. साडी खिडकीसमोर उजेडाला धरा, जिथे विरलंय तिथून उजेड जास्त येतो. दोन्ही अंगठे शेजारीशेजारी ठेवून हलकं ताणा, चर्र आवाज आला तर तो भाग बाहेरच्या थराला चालणार नाही. साधारण निऱ्या जिथे पायाशी घासतात तिथला खालचा भाग आणि बसायचा भाग लवकर जातो, कमरेत खोचायचं आतलं टोक आणि पदराच्या अलीकडचं कापड चांगलं सापडतं. आणि फॉल आधी उसवा, तो बऱ्याचदा टेरीकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेला असतो. फॉल उसवताना घाई करू नका. त्याखाली चार-पाच बोटं रुंदीची जी पट्टी निघते ना तिथे साडीचा मूळ रंग असतो, उन्हाने आणि धुण्याने न उतरलेला. मागे एका बाईंच्या आईची साडी सगळे राखाडी समजत होते, फॉल काढला तर खाली चक्क जांभळी. त्या तिथेच खाली बसल्या, म्हणाल्या आई ही नेसून मला शाळेत सोडायला यायची, मला ती जांभळीच आठवत होती आणि बहिणीला मी सांगत होते तर ती मलाच वेड्यात काढत होती. ती पट्टी मी कापून गोधडीच्या किनारीला लावली.

रंग जातो का ते प्रत्येक साडीचं वेगळं बघायचं. एका कोपऱ्यावर पाणी लावा, वर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर ती साडी वेगळी चार-पाच वेळा धुवा आणि परत बघा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, मी पण सांगायचे, पण एकदा तयार झालेल्या कापडाला त्याने काही फरक पडत नाही असा माझा अनुभव आहे. लाल इरकलीने माझी एक अख्खी गोधडी गुलाबी केलीय, मिठात रात्रभर ठेवून सुद्धा. आणि सगळं कापड शिवायच्या आधी धुवूनच घ्यायचं, जे आटायचं ते आधीच आटू दे.

आता इथे माझी एक चूक सांगते, कारण कापायला हात थांबतो म्हणालात त्याच्याशी तिचा संबंध आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक मुलगी तिच्या आईच्या सहा साड्या घेऊन आली. त्यातल्या एका करड्या वायलला, म्हणजे पातळ सुती साडीला, गुडघ्याच्या उंचीवर स्टोव्हने जळलेलं भोक होतं, रुपयाएवढं, आणि ते पिवळ्या दोऱ्याने रफू केलेलं, करड्यावर पिवळा, अगदी वेडंवाकडं. मी तो भाग कापला आणि टाकून दिला, त्या जागी दुसऱ्या साडीचा नीट तुकडा जोडला, आणि मला वाटलं काय सुंदर काम झालंय. मुलगी घ्यायला आली, गोधडी पसरली, आणि हात फिरवत काहीतरी शोधायला लागली. मी विचारलं काय झालं. म्हणाली ते पिवळं कुठंय. आईकडे त्या दिवशी करडा दोरा नव्हता आणि तिला लगेच बाहेर जायचं होतं म्हणून हाती लागला तो घेतला, आणि मग आयुष्यभर घरात त्या साडीला पिवळी म्हणायचे सगळे. मी कचऱ्याची पिशवी शोधायला खाली पळाले, पण घंटागाडी सकाळीच येऊन गेलेली. पैसे घेतले नाहीत मी तिचे, पण त्याने काय होतंय.

तेव्हापासून मी कात्री लावायच्या आधी माणसाला समोर बसवते आणि एकेक साडी उलगडून विचारते, हा डाग ठेवायचा का, हे ठिगळ ठेवायचं का, ही गाठ सोडायची का. तुम्ही पण हेच करा, भावंडांना बोलवा, प्रत्येक साडीचा मोबाइलवर फोटो काढा आणि कोणाला त्या साडीबद्दल काय आठवतं ते बोलताना रेकॉर्ड करा. बघा, यात तुमचा अर्धा अधिक प्रश्न सुटेल. हात का थांबतो, तर कापलं की ती साडी संपली असं वाटतं म्हणून, आणि एकदा कुठला भाग कशासाठी राखायचाय हे नक्की झालं की उरलेल्यावर कात्री चालते. आणि एखादीवर नाहीच चालली तर ती कापू नका ना. २३ मधली एक साडी अख्खी राहिली तर गोधडीचं काही अडत नाही. पैठणी तर अख्खीच ठेवा, तिची जरीची तार टोचते पण आणि धुण्यात काळी पण पडते, कोणीतरी लग्नात नेसेल.

थरांचं सांगते. ऊब येते ती कापडाच्या वजनाने नाही, थरांमध्ये जी हवा अडकते तिने, म्हणून तेवढ्याच वजनाची एक जाड चादर आणि पाच पातळ जुनेरं यात जुनेरं जिंकतात. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीला पाच थर पुष्कळ झाले, बारा महिने वापरायची तर तीनच करा. सगळ्यात विरलेली आणि सगळ्यात जवळची साडी मी मधल्या थरात घालते. लोक भांडतात, म्हणतात मग ती दिसणार कशी. पण वर लावली तर ती दोन वर्षांत फाटेल, आत ती वीस वर्षं सुरक्षित राहते, आणि तिचा काठ नाहीतर पदराची पट्टी वर लावता येते की. वर आणि खाली दम असलेलं कापड. खालच्या थराला साडी पुरत नसेल तर सरळ रविवार पेठेतून मांजरपाट, म्हणजे कोरं जाडसर सुती कापड आणा, धुवून आटवून घ्या, मस्त लागतो अंगाला.

मशीन की हात, आता येते त्यावर. मशीनचा टाका इंचाला आठ-दहा, म्हणजे तितकी भोकं एका सरळ रेषेत आणि दोरा घट्ट आवळलेला. नव्या कापडाला काही होत नाही. पण तीस वर्षं धुतलेलं वायल त्या रेषेवरच फाटतं, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. हाताचा धावदोरा इंचाला तीन-चार टाके, दोरा जरा सैल, कापडाला मध्ये हलायला जागा राहते, आणि एखाद्या ठिकाणी तुटला तर तेवढाच परत भरता येतो. म्हणून जुन्या सुती साड्यांना हात. मुलगा हॉस्टेलला चाललाय, जाड चादरी आहेत, दणकट हवंय, तर मशीन, मी स्वतः माझ्या भाच्याला मशीनचीच दिली. आणि पैशांमुळे मशीनवरच करावी लागली तरी हरकत नाही, फक्त त्यांना सांगा टाका मोठ्यात मोठा ठेवा आणि रेषा एकमेकींपासून तीन-चार इंचांवर घ्या, दाट क्विल्टिंग नको.

त्या बाई दीड महिना सांगतायत तो जास्त नाही हो. हिशोब करा, डबलची गोधडी साधारण ९० बाय १०० इंच, एकेका इंचावर रेषा घेतली तर १०० इंचाच्या ९० रेषा, म्हणजे ९,००० इंच, इंचाला तीन धरले तरी २७,००० टाके. मला १०० इंचाची एक रेष घालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे नुसते टाकेच साडेबावीस ते ३० तास, आणि पाच थरांतून सुई काढायची म्हणजे अंगुस्तान घालूनही दोन तासांवर बोट साथ देत नाही. त्याआधी धुणं, जोडणं, टाचणं (थर कच्च्या टाक्यांनी एकत्र धरणं) वेगळं. टाचताना मधून बाहेर जायचं, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात, हे मुद्दाम सांगते कारण घरी करणाऱ्या इथेच चुकतात, कडेने टाचत येतात आणि मधे फुगा राहतो. मग पक्के टाके आमच्याकडे कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घालत आत जायची पद्धत आहे, काहीजणी सरळ रेषा घालतात, दोन्ही टिकतं. आजी शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत चिमूटभर तांदूळ टाकायची, गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून. मी तांदूळ टाकत नाही, झुरळं येतात, हळदीकुंकवाचं बोट लावते.

आता तुम्ही विचारलं नाहीये तरी एक सांगते, एक मोठी डबलची करू नका. तिघं भावंडं आहात, ती कोणाकडे राहणार? पहिली दोन वर्षं सगळे तुझ्याकडेच ठेव म्हणतात, नंतर वहिनीला आणि बहिणीला वाटायला लागतं ते वाटायला लागतं, मी पाहिलंय. शिवाय भिजलेली डबल गोधडी दोन माणसांना उचलत नाही. पूर्वी नवरात्राच्या आधी आमच्या बायका कालव्यावर न्यायच्या गोधड्या, एकीने हे टोक एकीने ते टोक धरून पिळायच्या, आता ते कोण करणार, फ्लॅटच्या बाथरूममध्ये तुम्ही एकट्या. तीन सिंगल करा, पाच बाय सात फुटांच्या. सहावारी साडी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच लांब असते आणि रुंदी ४५ इंच, तिचे ८४ इंचाचे दोन तुकडे शेजारी जोडले की सिंगलचा एक थर होतो, रुंदीत ३० इंच जास्तीचे निघतात आणि लांबीत ४८ इंच उरतात, ते वरच्या थराच्या ठिगळांना. आईची जी सगळ्यात ओळखीची साडी असेल तिचे लांबीत तीन भाग करा, ७२-७२ इंच, म्हणजे प्रत्येकाच्या गोधडीत मधोमध सहा फुटांचा एकाच साडीचा पट्टा येतो. आठ कॉटन आणि खाली मांजरपाट, तीन-तीन थरांच्या तीन आरामात बसतात.

फक्त पदराची पंचाईत होते. तो एकाच भागात येतो. तिघांत उभा चिरायचा म्हटलं तर १५-१५ इंच मिळतात पण काठ दोन बाजूंनाच, मधल्याला काठच नाही. एका घरात यावरून दोन भाऊ माझ्या दारात उभे राहून वाद घालत होते, वय पन्नाशीच्या पुढची माणसं. मधल्याला शेवटी मी त्याच आईच्या दुसऱ्या साडीचा काठ लावून दिला आणि वर सांगितलं की तुझा काठ जास्त रुंद आहे. खरंच होता.

वापरायला लागल्यावर काळजी फार नाही. गार पाणी, सौम्य पावडर, ब्रश नाही, पिळायचं नाही, दोन दोऱ्यांवर आडवी टाकून वाळवायची म्हणजे सगळं वजन एका रेषेवर येत नाही. टॉप लोडच्या मशीनमध्ये घुसळू नका, टाके ताणले जातात. ऊन द्या पण उलटी करून. पावसाळ्यात धुवू नका, चार दिवस वाळत नाही आणि आतून कुबट वास धरते तो मग जात नाही. दोरा तुटला की लगेच भरा, आज बोटभर असतं ते महिन्यात वितभर होतं.

आणि तुम्हाला लगेच कोणाला ऑर्डर द्यायचीच नसेल तर असं करा. आठ कॉटनमधली जी सगळ्यात कमी जिवाची आहे ती घ्या, तिचे १८ बाय १८ इंचाचे तीन तुकडे कापा, एकावर एक ठेवून टाचा आणि घरीच धावदोऱ्याने भरा, सुई साधी चालेल, दोरा जाड सुती घ्या, हातभरच ओवा म्हणजे गुंता होत नाही. पाच-सहा संध्याकाळी लागतील. मग तो चौकोन तीनदा धुवा. रंग, आटणं, कापडाचा दम, सगळं त्यात कळतं, आणि कात्रीचं भय पण बरंचसं त्यातच जातं. तो तुकडा घेऊन त्या दीड महिनावाल्या बाईंकडे जा, त्यांना दाखवा, आणि त्या तो उलटा करून मागचे टाके बघतात का ते बघा. बघत असतील तर साड्या त्यांना द्या.